ब्रेक कुणी मारला?

संपादकांचा फोन आला. "मास्तर, ड्रायव्हिंग स्कूलमधल्या गमतीजमती लिहा की. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणालो. पण आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे, आणि चिडलेल्या माणसाला हलकंफुलकं जमत नाही. संपादकांचा मान राहावा म्हणून सुरुवातीला एक-दोन गमती सांगतो. पुढचं मात्र मला मोकळेपणानं बोलू द्या.

माझं ड्रायव्हिंग स्कूल सोलापुरात होटगी रोडला. आमचं घराणं मागावरचं. वडील चादरी विणायचे, घरात अजून तेलुगूच चालते. मला मागाच्या खडखडाटाचा कंटाळा, म्हणून गाडीत शिरलो, आणि सगळा जन्म डाव्या सीटवर गेला. आता रोजची शिकवणी बंद केली आहे. कुणी फारच गळ घातली तर बसतो.

आमच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा ब्रेक आणि हा, दोन्ही एका लोखंडी दांडीने जोडलेले. इकडचा दाबला की तिकडचा खाली जातो, आणि तिकडचा दाबला की इकडचा. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही गाडी चालवायला शिकवतो. छे! आम्ही माणसाला स्वतःचे हातपाय विसरायला शिकवतो. एक निवृत्त हेडमास्तर यायचे. प्रत्येक गोष्ट बोलून करायचे. "आता मी क्लच दाबत आहे. आता मी पहिला गियर टाकत आहे." आणि सात रस्ता चौकाच्या मधोमध गाडी बंद. चहूकडून हॉर्न. एक दिवस मी मुद्दामच त्यांच्याशी हल्लीच्या पाठ्यपुस्तकांवरून वाद काढला. मग काय, साहेब तावातावाने भांडू लागले आणि भांडता भांडता तिसऱ्या गियरमध्ये गेले, वळले, एका बसला वाट दिली, सगळं बिनचूक. मी गाढवासारखा म्हणालो, "सर, बघा, तुम्ही गियर टाकलात!" त्यांनी गियरकडे बघितलं आणि गाडी बंद पडली.

दुसरे मोहोळचे एक तात्या. बैलगाडीवर वाढलेला माणूस. कुत्रं आडवं आलं की दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडे ओढायचे आणि "हो, हो, हो!" म्हणून ओरडायचे. ब्रेक मी मारायचो. मी रागावलो की म्हणायचे, "मास्तर, ब्रेक खाली हाय ते मला ठावं हाय की. पन हात ऐकत न्हाईत." तात्यांनी हे बोलून आमच्या धंद्याचं सगळं सार सांगून टाकलं. डोक्याला ठाऊक असून उपयोग नाही, हातापायांना ठाऊक व्हावं लागतं. आणि हातापायांना एकदा ठाऊक झालं की ते डोक्याला विचारायला थांबत नाहीत.

माझंच बघा. मुलाच्या गाडीत मी शेजारी बसतो. तिथे दुसरा ब्रेक नाही, पण माझ्या उजव्या पायाखालची मॅट झिजून तिला भोक पडलंय. रिक्षात बसलो तरी तेच. बायको म्हणते, "रिक्षा तो चालवतोय, तुम्ही नुसते बसा." मी बसलेलाच असतो हो! पाय माझ्या परवानगीने जात नाही. तो जातो, दाबतो, आणि मग मला कळतं की समोर काहीतरी आडवं आलं होतं. झाल्या गमती. आता मुद्द्यावर येतो.

रेहाना माझ्याकडे आली ती तिच्या सासऱ्यांबरोबर. सासरे म्हणजे आमचे चाचा. जन्मभर ट्रक चालवला, पुढे एक व्हॅन घेतली आणि तिच्यातून एका मुलींच्या शाळेतल्या पोरी ने-आण करायचे. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा व्हॅन अंगणात उभी राहिली, वर ताडपत्री. रेहानाचा नवरा आखातात कामाला. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. शाळेला मुलींच्या व्हॅनसाठी बाईच चालक हवी होती. चाचा म्हणाले, "घर की गाडी, घर की बहू. मास्टर, तुम सिखाव." व्हॅन घरची, ती चालवायची जागा शाळेची, आणि शाळा हो म्हणाली तर रेहानाचं शिवणयंत्रापुढचं वाकणं संपणार होतं. तिची पाठ फार दुखायची.

सुरुवातीला ती ॲक्सिलरेटर शिवणयंत्राच्या पायडलसारखा चालवायची, टाच-चवडा, टाच-चवडा. गाडी उचक्या देत जायची. पण मला आशा होती, कारण यंत्रावर शिवणाऱ्या बाईचा पाय हुशार असतो. सुईखाली बोट जायच्या आत तो थांबतो. कधी थांबला हे तिला विचारलं तर ती सांगू शकत नाही, पण बोट शाबूत असतं. बघता बघता तिचा हात बसला. लायसन्स मिळालं. शाळेच्या सचिवांनी "थोडा आणखी सराव करून घ्या, मग बोलू" असं सांगितलं, म्हणून आम्ही रोज शाळेच्याच रस्त्यावर चकरा मारू लागलो.

त्या दिवशी शाळा सुटत होती. गेटसमोरून आम्ही हळूच चाललो होतो. समोरच्या बाजूला बर्फाच्या गोळ्याचा हातगाडा. बालवाडीतली एक चिमुरडी, गळ्यात पाण्याची बाटली, आजीचा हात सोडून सरळ गोळ्याकडे धावली. गाडी थांबली. पोरीच्या फ्रॉकला बोनेट लागायचं तेवढं बाकी होतं. पोरगी गोळ्याकडे बघतच होती, तिला काही कळलंच नव्हतं.

आता नीट ऐका. माझा पाय गेला होता. नेहमीसारखा, मला न विचारता. पण जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा तो पोकळीत गेला आणि मग खाली जाऊन पेडलला टेकला. पेडल नेहमीच्या जागी नव्हतंच. ते आधीच खाली गेलेलं होतं. दांडी एकच. मी दाबायच्या आधी ते खाली गेलं याचा अर्थ एकच होतो. रेहानाने दाबलं होतं.

हे मला तेव्हाच्या तेव्हा उमगलं असं म्हणत नाही. आधी पाय गेला. मग छाती धडधडली. मग डोकं धापा टाकत आलं आणि आल्या आल्या म्हणालं, "मी थांबवली." सगळ्यांचं डोकं असंच असतं, सगळं उरकल्यावर येतं आणि मालकी सांगतं. पण माझ्या तळपायाला ती पोकळी अजून जाणवत होती. त्यामुळे डोकं खोटं बोलतंय हे दोन श्वासांत माझ्या ध्यानात आलं.

तोवर गर्दी जमली. पोरगी नेमकी शाळेच्या सचिवांचीच नात निघाली. साहेब ऑफिसातून धावत आले, नातीला उचललं, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही होतात म्हणून!" मी म्हणालो, "अहो साहेब, ब्रेक हिने मारला." ते रेहानाकडे वळले. "बाई, तुम्ही ब्रेक केव्हा मारलात?"

रेहानाने स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं. खोटं बोलायचं सुचलंच नाही तिला. ती म्हणाली, "सर, मला काहीच कळलं नाही. गाडी थांबली."

संपलं. त्या एका वाक्यावर तिचा निकाल लागला.

"मला कळायच्या आत पाय गेला" असं मी चारचौघांत सांगितलं की लोक म्हणतात, "वा मास्तर, काय हात बसलाय! याला म्हणतात अनुभव." आणि तेच त्या बाईने सांगितलं, शब्द जवळपास तेच, तर लोक म्हणाले, "बघा, हिचं लक्षच नव्हतं." वा रे न्याय! पुरुषाला कळलं नाही तर ते कौशल्य, बाईला कळलं नाही तर तो गलथानपणा? मी तिथेच ओरडलो. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं मी घाबरलोय.

पुढे तर कहर झाला. शाळेने माझा सत्कार ठेवला. मी जाणारच नव्हतो, पण म्हटलं, माईक मिळतोय तर सोडतो कशाला. शाल, नारळ, सोलापुरी टॉवेल, मुलींचं स्वागतगीत, सगळं झालं. रेहाना आणि चाचा शेवटच्या रांगेत बसले होते. मी उठलो आणि सांगितलं, "ही शाल चुकीच्या खांद्यावर आहे. त्या दिवशी ब्रेक रेहानाताईंनी मारला. माझा पाय नंतर पोचला." दांडीचं सांगितलं, पेडलचं सांगितलं, पोकळीचं सांगितलं. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! उभं राहून टाळ्या! सचिव माईकवर येऊन म्हणाले, "एवढं मोठं काम करूनही श्रेय शिष्येला देण्याचा हा विनय आजकाल कुठे दिसतो?" काय बोलणार, कप्पाळ! आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो आणि इतका कमी विश्वास कुणी ठेवला नव्हता. मागे बघितलं तर रेहानाही टाळ्या वाजवत होती.

मी शाल खुर्चीवर टाकली, रेहानाला घेतलं आणि सचिवांच्या ऑफिसात जाऊन बसलो. म्हटलं, "साहेब, हिला व्हॅनचं काम द्यायचं की नाही?" माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. नात जाता जाता वाचली होती, त्याची झोप उडालेली होती. ते म्हणाले, "मास्तर, शंभर घरच्या पोरींची जबाबदारी आहे. जिला स्वतःलाच सांगता येत नाही की ब्रेक मारला की नाही, तिच्या हातात मी गाडी देऊ? तुम्ही माझ्या जागी असता तर?" मग तेच म्हणाले, "असं करू. परवा आमच्या मैदानावर परीक्षा घेऊ. दूध का दूध होऊन जाईल."

परीक्षा अशी. मैदानावरून गाडी यायची. भिंतीआडून शिपाई चेंडू सोडणार. चेंडू दिसला की ब्रेक. शाळेच्या समितीचे चार सभासद खुर्च्या टाकून बसलेले. चहा आलेला. सचिव खिडकीपाशी वाकून रेहानाला म्हणाले, "घाबरू नका बाई. फक्त पायावर लक्ष ठेवा."

पायावर लक्ष! अहो, तिला पाय विसरायला शिकवण्यात माझे चार महिने गेले होते. मी काही बोलायच्या आत तिने गाडी काढली. मी बाहेर उभा. ती भिंतीकडे बघत होती, मग पायाकडे, मग भिंतीकडे. हेडमास्तर आठवले मला. चेंडू आला. तिचा पाय उचलला गेला आणि मधेच अडला, आता दाबू का, हाच का ब्रेक, असं करत. चेंडू चाकाखाली जाऊन फुटला. केवढा आवाज झाला!

समितीतले एक जण म्हणाले, "म्हणजे पोरगी गेली असती."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "थांबा, मी बसतो. माझी घ्या परीक्षा." रेहानाला उतरवलं, उजव्या सीटवर बसलो, गाडी आणली. आणि काय सांगू? चेंडूची वाट बघून बघून माझा पाय इतका उतावीळ झाला की भिंतीपाशी यायच्या आधीच मी करकचून ब्रेक मारला. चेंडू आलाच नव्हता. चार महिन्यांची शिष्या उशिरा, आणि जन्म घालवलेला गुरू चेंडू यायच्या आधीच! कारण एकच, दोघंही पायावर पहारा देत बसलो होतो. मी खाली उतरून हेच सांगायला लागलो तर समिती खो खो हसत होती. "मास्तर, वय झालं तुमचं! या, चहा घ्या." माझी चूक त्यांनी चहाबरोबर पिऊन टाकली. तिची मात्र पुरावा म्हणून ठेवली.

सचिव मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हीच का नाही येत आमच्याकडे व्हॅनवर? तुमच्यावर पालकांचा विश्वास आहे." मला! एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेल्या, आत्ताच रिकाम्या मैदानावर ब्रेक मारलेल्या माणसाला! मी काय उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. बाईच हवी म्हणणाऱ्या त्या शाळेने जागा महिनाभरात एका पुरुष चालकाला दिली.

नोकरी गेली याचा राग होताच. पण खरा संताप पुढे आला. रेहाना सरावाला यायची बंद झाली. आठवड्याने चाचा आले, बाहेरच्या बाकावर बसले. "मास्टर, बहू गाडी कू हात नै लगा री. बोल्ती, बच्ची कू मास्टर बचाए. मैं अकेली रहती तो मर जाती थी वो. रोती बैठ के."

म्हणजे बघा. नोकरी घेतली ते घेतली, तिचा पायही काढून घेतला तिच्याकडून. आपण केलेलं आपल्यालाच कळलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांनी मिळून तिला पटवून दिलं की तू केलंच नाहीस. आणि तीही बिचारी स्वतःच्या आठवणीत शोधत बसली, आपण ब्रेक दाबल्याचा क्षण कुठे आहे म्हणून. तो सापडणार कसा? तो कुणालाच सापडत नाही. तुम्ही ठेच लागल्यावर तोल सावरता, तो क्षण सापडतो का तुम्हाला? उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद करता, तो? ताडपत्रीखालची व्हॅन आता भंगारात द्यायचं चाचा बोलत होते. मी म्हटलं, "चाचा, एक दिवस थांबा. तिला उद्या सकाळी पाठवा. सांगा, मास्तरांचे डोळे तपासायचेत, सोडायला कुणी नाही."

त्या संध्याकाळी मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. दांडीचे बोल्ट जाम झालेले, माझे गुडघे त्यांच्याहून जाम. दांडी काढली, माझ्या बाजूचं पेडल काढलं आणि वर रबरी मॅट अंथरली. अगदीच खुळा नव्हे मी, हँडब्रेक हाताशी होता, आणि बाईकडे लायसन्स होतं. पण तरी बाहेर येऊन गाडीकडे बघितलं तेव्हा मला उघड्यावर बसल्यासारखं वाटलं.

सकाळी रेहाना आली. चेहरा उतरलेला. "मास्तर, मी चालवते, पण पाय ब्रेकवर ठेवा हं तुमचा."

"ठेवला," मी म्हणालो, आणि मॅटवर ठेवला.

चाचांची तब्येत, गणवेशाचं कापड, नवऱ्याचा फोन, असलं काहीबाही मी तिला विचारत राहिलो. हळूहळू ती बोलायला लागली. अशोक चौकाच्या पुढे, आपल्या सोलापुरात दिसतो तसा एक मोपेडवाला चालला होता, मागे टॉवेलचे गठ्ठे त्याच्या डोक्याच्याही वर. रेहाना मला सांगत होती की तिची धाकटी मुलगी हल्ली डबा खात नाही. तेवढ्यात दोरी तुटली, एक गठ्ठा रस्त्यावर आला, मोपेड आडवी झाली.

गाडी थांबली.

माझा उजवा पाय मॅटमध्ये रुतला होता. मोपेडवाला उठला, धूळ झटकली आणि आम्हालाच म्हणाला, "दिसंना व्हय ओ?" मग गठ्ठा उचलायला लागला. मागून हॉर्न सुरू झाले.

रेहानाने डोळे मिटून घेतले होते. "मास्तर, आज पुन्हा वाचवलंत."

"मी?"

"तुम्हीच ब्रेक मारला ना? मला तर काही कळलंच नाही. मी डब्याचं सांगत होते."

"रेहाना, खाली बघ."

तिने माझ्या पायाशी बघितलं. मी मॅट उचलली. खाली गाडीचा पत्रा, आणि पेडल होतं तिथे दोन बोल्टची भोकं.

मग तिने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. तो अजून ब्रेक दाबून होता, चपलेतली बोटं पांढरी पडेपर्यंत. मी म्हणालो, "कळायचं नसतंच ते. ज्याला कळलं त्याला उशीर झालेला असतो. त्या दिवशीही हाच पाय होता. पोरगी तूच वाचवलीस."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिला राग आला. माझ्यापेक्षाही जास्त. "मग मी टाळ्या का वाजवल्या तिथे?" ती म्हणाली. मागचे हॉर्न वाजतच होते. तिने काच खाली करून मागच्याला "थांबा की जरा!" म्हणून दरडावलं. मग माझ्याकडे वळली.

"मास्तर, उतरा."

"अगं, माझे डोळे..."

"रिक्षाने जा. गाडी दुपारी आणून देते. मला एकटीने चालवायचीय."

माझ्याच गाडीतून मला उतरवलं हो! मी उतरलो. दार लावलं. ती आरसा बघून, हात दाखवून, मोपेडवाल्याच्या बाजूने शांतपणे निघाली. आज त्या ताडपत्रीखालच्या व्हॅनमधून ती दुसऱ्या एका शाळेच्या पोरी नेते. त्यांनी तिला पायाबद्दल काही विचारलं नाही.

त्या दिवशी मी फूटपाथवर उभा राहून तिला बघत होतो. चौकात एक सायकलवाला आडवा आला आणि तिच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता. केव्हा गेला, मला कळलं नाही. पण या खेपेला मी गाडीत नव्हतोच; सगळा चौक बघत होता, ब्रेक तिनेच मारला होता.